कोणी आहे का?

"मिस्त्री, तुम्ही ह्याला उत्तर दिलंत?"

मॅडम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वाकून पडद्याकडे पाहत होत्या. उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"दिलं."

"स्पॅमला?"

"त्यानं विचारलं होतं ना, म्हणून दिलं."

विचारलं होतं हे खरं. विषयाची जागा कोरी, पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची नुसती गर्दी, आणि मजकूर एवढाच: 'कोणी आहे का?' खाली सही नाही, फोन नंबर नाही, बोट दाबायला निळी ओळ नाही. त्याच्याखाली मिस्त्रींचं एका बोटानं टाइप केलेलं उत्तर: 'आहे. घाबरू नका. कोणत्या इमारतीत अडकला आहात? आत किती जण आहात? - तक्रार विभाग.'

मॅडमनी कपाळाला हात लावला. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होते आणि त्यांची शिस्त अशी, की साहेबसुद्धा पासवर्ड विसरले की त्यांच्यासमोर आवाज खाली करून बोलत.

"अहो, तो काही लिफ्टमध्ये अडकलेला नाहीये!"

"मग कुठं अडकलाय?"

मॅडमनी दुसरी खुर्ची ओढली आणि बसल्या.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इमारतींच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या पोकळीत काढली होती, जिथून लिफ्ट वरखाली करते. पुढे गुडघ्यानं दगा दिला. साहेबांनी जुन्या माणसाची कदर केली आणि त्यांना घरी बसवण्याऐवजी तक्रार विभागात बसवलं. विभाग कसला, जिन्याखालची एक खोली, तिला काचेचं दार, एक टेबल, एक फोन आणि एक कॉम्प्युटर. लिफ्टच्या कंपनीत लिफ्टच्या मिस्त्रीला जिन्याखाली जागा मिळाली, हा विनोद कारागीर रोज करत आणि मिस्त्रीही रोज हसत.

काम सोपं होतं. इमारतींच्या तक्रारी फोनवर येत, मेलवर येत. त्या नोंदवायच्या आणि जवळच्या कारागिराला पाठवायचं. एकदा एका मोठ्या इमारतीची तक्रार चुकून स्पॅममध्ये जाऊन पडली होती, तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता, की तो कचराही रोज चाळायचा. चाळायचा म्हणजे बघायचा आणि पुसून टाकायचा. हे पुसून टाकणं मिस्त्रींच्या जिवावर यायचं.

कारण त्यांच्या कामाची रीतच वेगळी. लिफ्टमधली घंटा वाजली, की मिस्त्रीनं हत्यारांच्या पिशवीला हात लावायच्या आधी दाराशी तोंड नेऊन बोलायचं. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, ते उस्ताद म्हणत, आधी आवाज दे, मग पाना काढ. आतल्या माणसाला कळलं पाहिजे, की बाहेर कोणीतरी आलंय. त्याचं नाव विचारायचं, आत किती जण ते विचारायचं. किती वेळ लागेल हे मात्र कधीही सांगायचं नाही, कारण ते आपल्यालाच ठाऊक नसतं. एकदा एक गृहस्थ आत फार घाबरले, तेव्हा मिस्त्रींनी पान्यानं काम करता करता त्यांना स्वतःच्या लग्नाची हकीकत सांगितली. नेमकं मुलगी नको म्हणते इथपर्यंत गोष्ट आली आणि दार उघडलं. गृहस्थ घामानं निथळत बाहेर आले आणि म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"

अशा माणसाला कोणी 'कोणी आहे का?' असं विचारलं, तर तो काय करणार?

"खडा टाकून बघतात हो," मॅडम समजावू लागल्या. "हजारो पत्त्यांवर एकदम मेल सोडायचा. त्यात ना लिंक, ना पैशाची गोष्ट. आपल्याला वाटतं, ह्याला हवंय तरी काय? त्याला एवढंच हवं असतं, की कोणीतरी उत्तर द्यावं. उत्तर आलं, की कळलं पत्त्यामागं माणूस आहे. मग तो पत्ता विकायचा. मग लॉटरी, कर्ज, कुणाची बेवारस इस्टेट, सगळे तुमच्या मागं लागणार."

"आणि ते वेड्यासारखं लिहिलेले येतात ते? मध्येच हवामान, मध्येच कुठल्या राणीची गोष्ट?"

"ते स्पॅमच्या गाळणीला चकवायला. आणि काही मुद्दामच बावळट लिहितात. शहाणा माणूस हसून पुसून टाकतो, भोळा तेवढा उरतो. त्यांची मेहनत वाचते."

"म्हणजे मी भोळा ठरलो."

"तुम्ही जिवंत ठरलात," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "ते जास्त वाईट. आता पुन्हा उत्तर देऊ नका."

मिस्त्रींनी मान हलवली. मनापासून हलवली. पण दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीच्या नावानं मेल आला: 'तुम्ही खरंच विचारता आहात का?'

आता खरंच विचारलं होतं, तर खरंच म्हणायला काय हरकत? मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं आणि लिहिलं, 'खरंच. मी लिफ्टचा मिस्त्री. आमच्याकडे अडकलेलेच लिहितात.'

उत्तर दुपारी आलं. 'मी लिफ्टमध्ये नाही. पण अडकले आहे.'

अडकले. म्हणजे बाईमाणूस. मिस्त्रींचा डबा तसाच उघडा राहिला.

मॅडमना सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण पोटात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती. चहाच्या वेळी त्यांनी सांगून टाकलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघा हं, मी सांगते पुढं काय होईल. ती तुम्हाला काका म्हणेल. मग तिची आई आजारी पडेल. मग थोडेसेच पैसे लागतील, परत करण्याच्या बोलीवर."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या बाबांना असंच बोलण्यात गुंतवलं होतं. होतं नव्हतं ते गेलं. मी इतकी कॉम्प्युटरवाली, घरातच होते, आणि मला पत्ता नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, काही म्हण, पोरगी बोलायला गोड होती." त्यांनी कप खाली ठेवला. "मला त्या पोरीचा राग येतो, मिस्त्री. अजून येतो."

पुढच्या मेलात तिनं काका म्हटलं. आता आई आजारी पडणार, म्हणून ते धीर धरून एकेक मेल उघडू लागले. पण आई काही आजारी पडेना. पैशाचं नाव निघेना. ती जे लिहायची ते तुकड्यातुकड्यांनी, घाईघाईनं लिहायची, आणि ते सगळं जोडलं तेव्हा मिस्त्रींना घाम फुटला.

ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं काम, राहायची सोय, असं सांगून तिला नेलं होतं. बरोबर आणखी पुष्कळ जण होते. पोचल्यावर फोन काढून घेतले, कागदपत्रं काढून घेतली. मजला बाहेरून बंद. ही जागा कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं, रात्रीचा प्रवास होता आणि काचा काळ्या होत्या. दिवसभर यादीतल्या पत्त्यांवर तोच एक मेल सोडायचा. जो उत्तर देईल त्याच्याशी बोलत राहायचं, त्याला गुंतवायचं आणि मग पलीकडच्या टेबलाकडे सोपवायचं.

'ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना इथून दुसरं काही लिहिता येत नाही,' तिनं लिहिलं. 'तुम्ही दिलंत म्हणून मी बोलू शकते. देखरेखीच्या माणसाला आपली भाषा येत नाही. तो फक्त उत्तरं मोजतो. कमी आली तर उभं करून ठेवतात आणि जेवण देत नाहीत. काका, तुम्हाला मी पलीकडच्या टेबलाकडे देणार नाही. शपथ.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी लिहिलं, 'जेवलीस का?' आणि पाठवलं. थोड्या वेळानं लिहिलं, 'तिकडे ऊन आहे का?' आणि पाठवलं. उत्तरंच मोजतात ना, मग मोजा म्हणावं. त्या दिवसापासून मिस्त्रींचं एक बोट थांबलं नाही. लिफ्टचे दोर कसे घालतात, गुडघ्याला कोणतं तेल चांगलं, बायको घोरते पण कबूल करत नाही, असं सुचेल ते लिहायचे.

कारागिरांच्या कानावर गेलं, तेही मिस्त्रींकडूनच. मग काय, चहाच्या सुट्टीत जिन्याखाली रांग लागू लागली. ज्यांनी जन्मात पत्र लिहिलं नाही असे आडदांड गडी कॉम्प्युटरसमोर बसून विचारात पडायचे. एकानं तिला कोडं घातलं. एकानं विचारलं, मुलगी शाळेत जाताना रडते, काय करू? तिनं त्याला सांगितलं, दारात निरोप घेऊ नका, कोपऱ्यापर्यंत तरी बरोबर जा. तो खरोखरच जाऊ लागला, आणि पोरगी रडायची थांबली. मग काय, त्या कारागिराच्या लेखी ती बाई कोणी शहाणी मावशीच झाली.

'काका, उत्तरं वाढली म्हणून मला खिडकीजवळची जागा दिली आहे,' तिनं एक दिवस लिहिलं. 'खिडकीला गज आहेत. पण समोर पाण्याची टाकी दिसते आणि टाकीखाली एक कुत्री व्यालेली आहे. पिल्लं अजून डोळे उघडत नाहीत.'

मिस्त्रींचे डोळे भरून आले. खिडकीजवळची जागा! जगात किती कमी लागतं माणसाला, असं त्यांना वाटलं, आणि मग तेवढंसुद्धा कुलपाच्या आत, ह्याचा राग आला.

आणि मग एका मेलात आई आलीच. पण आजारी नव्हती. मुलीनं एक फोन नंबर पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आईकडे मेल नाही. तिला फोन करून एवढंच सांगाल का, की मी रागावलेली नाही.'

मिस्त्रींनी तो नंबर मॅडमना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "त्यांचाच कोणीतरी माणूस असेल त्या टोकाला. करू नका." मिस्त्रींनी तो नंबर घरी बायकोलाही दाखवला. बायको निवडत असलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, "करा की. फार तर काय, शिव्या देतील. माझ्या खाता तेव्हा तर काही होत नाही तुम्हाला."

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोल गं," पलीकडून आवाज आला.

"मी... लिफ्टचा मिस्त्री बोलतोय."

"चुकीचा नंबर लागला भाऊ. आमच्याकडं लिफ्ट नाही."

"नंबर बरोबर आहे ताई. ठेवू नका. तुमच्या मुलीचा निरोप आहे. ती म्हणाली, मी रागावलेली नाही."

बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"मी बोलले होते तिला," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले. असं कुणी मनापासून म्हणतं का? पण तिचा फोन येईना, आणि मला वाटलं, तेच धरून बसली. रोज वाटायचं, एवढा कसा ह्या पोरीला राग..." मग त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "जेवते का?"

आता खोटं बोलावं का, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण ती विद्या त्यांना कधी जमलीच नव्हती.

"उत्तरं जास्त आली, की जेवायला देतात."

"कसली उत्तरं?"

मिस्त्रींनी सांगितलं. सगळं सांगितलं.

"मग मी पण देते," आई म्हणाली. "कसं देतात ते सांगा फक्त."

त्या दिवसापासून ती फोनवर सांगायची आणि मिस्त्री टाइप करायचे. 'तुझी निळी साडी मी नेसत नाही, जपून ठेवली आहे.' 'वरच्या खोलीचं गळणं थांबलं.' ह्यात काय सांगण्यासारखं, असं दुसऱ्याला वाटलं असतं. पण पलीकडून अशा मेलाला उत्तर यायला वेळ लागायचा, आणि मिस्त्रींना कळायचं, ती रडत असणार.

आई पोलिसांकडे पूर्वीच जाऊन आली होती. वयात आलेली मुलगी भांडून गेली, येईल परत, असं सांगून त्यांनी वाटेला लावलं होतं. आता मिस्त्री स्वतः चौकीत गेले. हवालदारानं पेन उघडलं आणि विचारलं, "ठिकाण?" मिस्त्री म्हणाले, "खिडकीतून पाण्याची टाकी दिसते." हवालदारानं पेन मिटलं. ही हकीकत मॅडमच्या कानावर गेली. संध्याकाळी त्यांनी सगळे मेल छापून, प्रत्येक मेल कुठून कुठून फिरून आला त्याच्या खुणा काढून, जाड गठ्ठा मिस्त्रींच्या टेबलावर आपटला.

"हा द्या. ठिकाण नाही कळणार, पण दिशा कळेल. आणि हो, माझा अजून विश्वास बसलेला नाही."

गठ्ठा पोलिसांच्या वरच्या कचेरीकडे गेला. पाठवला आहे, बघतो, असं उत्तर मिळालं. मिस्त्रींचा जीव थोडा भांड्यात पडला.

पण मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलेलं खरं होऊ लागलं होतं. तिनं आपला शब्द पाळला, त्यांना पलीकडच्या टेबलाकडे दिलं नाही. पण पत्ता जिवंत आहे, हे तिथल्या यंत्राला कळलंच होतं, आणि यंत्र कुणाची शपथ जाणत नाही. तक्रार विभागात कचऱ्याचा लोंढा सुरू झाला. लॉटऱ्या, औषधं, लग्नाळू विधवा, परदेशातले मेलेले श्रीमंत. मिस्त्री सकाळी येऊन उपसायला बसत, आणि उपसून होईतो पुन्हा तेवढंच साचलेलं असे. मॅडमनी गाळणी घट्ट केली, तर खऱ्या तक्रारी अडकू लागल्या. सैल केली, तर सगळंच आत.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. तिथल्या व्यवस्थापकानं फोन केला तेव्हा मिस्त्री त्या आईशी बोलत होते आणि फोन गुंतलेला होता. म्हणून त्यानं मेल केला. तो मेल एका लॉटरीच्या आणि एका कर्जाच्या मध्ये दुपारभर पडून राहिला. मिस्त्रींच्या नजरेला पडला तेव्हा उन्हं कलली होती.

त्यांनी कारागिराला पाठवलं आणि स्वतःही रिक्षा करून निघाले. गुडघा ओढत पायऱ्या चढले. तोवर दार उघडलं होतं. एक आजी भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या, कुणीतरी त्यांना पाणी पाजत होतं.

मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. नाव सांगितलं नाही, काम सांगितलं.

आजींनी वर पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. "किती हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बाहेर कोणीच उरलं नाही."

मिस्त्रींनी त्यांच्या पायाला हात लावला. मिस्त्रींना आजवर साहेबांनी बोल लावला होता, गिऱ्हाइकांनी लावला होता, पण असं तोंडात मारल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं. परतताना रिक्षात ते तोंड झाकून बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मॅडमही होत्या.

"सोमवारपासून तक्रारींना नवा पत्ता," साहेब म्हणाले. "जुना बंद. कायमचा. आजी धडधाकट आहेत म्हणून निभावलं, मिस्त्री. नाहीतर?"

मॅडम मिस्त्रींकडे पाहत होत्या. आता हे वाद घालणार, त्या बाईचं सांगणार, गयावया करणार, असं त्यांना वाटत असावं. मिस्त्री म्हणाले, "बरोबर आहे साहेब. माझ्या हातात असतं तर मी कालच बंद केला असता."

हेही खरं होतं आणि पलीकडची बाईही खरी होती. दोन्ही दारं बंद, आत दोन माणसं, आणि मिस्त्री एकच.

"एक मेल करू का, बंद व्हायच्या आधी?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "करा, नाहीतर करू नका. मला विचारू नका."

शनिवारी कारागीर लवकर गेले. जाताना प्रत्येकानं जिन्याखाली डोकावून काहीबाही लिहायला सांगितलं. त्या शाळकरी मुलीच्या बापानं सांगितलं, "लिहा, की आता ती कोपऱ्यावरूनच मला परत जा म्हणते." मिस्त्रींनी सगळ्यांचं लिहिलं. आईनं फोनवर जे सांगितलं तेही लिहिलं. मग मुख्य गोष्ट लिहायची राहिली आणि बोट थांबलं.

नवा पत्ता तिला देता येत नव्हता. दिला, की तोही ह्याच वाटेनं जाणार आणि पुन्हा कुठलीतरी आजी आत अडकणार. पुष्कळ वेळानं त्यांनी लिहिलं: 'हा पत्ता आज बंद होतो आहे. तू रागावू नकोस. खाली माझा फोन नंबर देतो. तो पाठ कर. कधी कोणाचाही फोन हाताला लागला, तर लाव. मी उचलीन.'

नंबर टाइप करून झाला आणि मागे चाहूल लागली. मॅडम पर्स खांद्याला लावून, घरी जायच्या तयारीत उभ्या होत्या. त्यांनी सगळं वाचलेलं दिसत होतं.

"मॅडम, बोलू नका," मिस्त्री मागे न बघता म्हणाले. "हा नंबर त्यांच्या यादीत जाणार, ठाऊक आहे मला. माझ्या फोनलाही लॉटऱ्या लागणार. लागू देत."

"सरका."

"अहो पण..."

"सरका म्हणते ना, मिस्त्री."

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. मॅडम बसल्या. आता पुसणार, असं त्यांना वाटलं, आणि अडवायचं त्यांना बळ नव्हतं. मॅडमनी मिस्त्रींच्या नंबरातला एक आकडा तपासला, खाली दुसरी ओळ केली आणि तिथे आणखी एक नंबर टाइप केला. तो त्यांचा स्वतःचा होता.

"तुमचा फोन निम्मा वेळ बंद पडलेला असतो," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "एकाच्या भरवशावर ठेवून कसं चालेल?"

त्यांनी मेल पाठवला. बाहेर झाडणारी बाई जिना झाडून गेली. आणि मग उत्तर आलं, एका ओळीचं: 'दोन्ही पाठ केले. आता पुसून टाका.'

मॅडमनी ते पुसलं नाही. पत्ता तेवढा बंद केला.

पुढे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. नव्या पत्त्यावर फक्त तक्रारी येतात, स्वच्छ, एकामागून एक, आणि मिस्त्री त्या ताबडतोब वाटेला लावतात. त्यांच्या मोबाइलवर मात्र दिवसभर कोणी ना कोणी असतं. कर्ज हवंय का, विमा उतरवलात का, तुम्हाला बक्षीस लागलंय. मिस्त्री एकही फोन चुकवत नाहीत. समोरच्याचा आवाज नीट ऐकून घेतात, आणि तो तिचा नाही हे कळलं, तरी लगेच ठेवत नाहीत, कारण तोही बिचारा कुठे बसून बोलतोय कुणास ठाऊक. बायको म्हणते, "लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा तरी एवढं बोलला असतात, तर मी लगेच हो म्हटलं असतं." रविवारी तिच्या आईचा फोन येतो. वरच्या कचेरीतून अजून 'बघतो' एवढंच उत्तर आहे. तरी दोघं थोडं बोलतात.

मॅडम पूर्वी अनोळखी नंबर कधी उचलत नसत. फोन वाजला, की बघून उपडा घालायच्या. कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

परवा वर्षाच्या हिशेबाची बैठक होती. साहेब बोलत होते, बाहेरून आलेले पाहुणे वह्या उघडून बसले होते, मिस्त्री शेवटच्या खुर्चीवर होते. मॅडमचा फोन वाजला. साहेब बोलायचे थांबले. मॅडमनी नंबर पाहिला, "माफ करा," म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत उठून काचेच्या दाराबाहेर गेल्या.

मिस्त्रींनी काचेतून पाहिलं. मॅडम फोन कानाला लावून अगदी स्तब्ध उभ्या होत्या. मग त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी काचेतून मिस्त्रींकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नाही.

पण फोन त्यांनी ठेवला नाही. पलीकडचं कोणीतरी बोलत होतं, त्या ऐकत होत्या, आणि मध्येच त्यांनी काहीतरी विचारलं. काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते. ओठांवरून मात्र मिस्त्रींना वाटलं, त्यांनी जेवण झालं का, असं विचारलं असावं.

मॅडम आत आल्या. साहेबांनी भुवई वर केली, त्यांनी लक्ष दिलं नाही. फोन त्यांनी टेबलावर सुलटा ठेवला, हाताशी, आणि म्हणाल्या, "हं, बोला साहेब. कुठं होतो आपण?"